नवा जोडलेला पीसी चालूच होत नाही? वीज कुठे अडली ते असं शोधा

प्रश्न थोडक्यात असा: सगळे पार्ट नवे, जोडणी घरीच केली, कॅबिनेटचं बटण दाबलं तर पंखा हलत नाही, दिवा लागत नाही, आवाज नाही. कनेक्शन दोनदा पाहून झाली. मग एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या कामाची करून देणारा डबा) गेलाय की मदरबोर्ड, आणि बदलून आणायचं तर आधी काय?

आधी काहीच नाही. नवा पार्ट खोक्यातूनच मेलेला निघतो, नाही असं नाही. पण अर्धवट बसलेला प्लग, चुकीच्या पिनांवर गेलेली बटणाची वायर आणि बोर्डाखाली राहिलेला जादा स्टँडऑफ (बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारा पितळी खुंट) या तिघांची चौकशी झाल्याशिवाय कुठल्याही पार्टवर आळ घेऊ नये. अंदाजाने पार्ट बदलत बसायचं तर प्रत्येकाचा दुसरा नग हाताशी लागतो, आणि तो कुणाकडेच नसतो. वीज ज्या क्रमाने पुढे सरकते तो क्रम धरून चाललं तर एक साधा मल्टीमीटर पुरतो.

तो क्रम असा. एसएमपीएसला वीज मिळाली आणि त्याच्या मागचा स्विच चालू असला की ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन लगेच जिवंत होते. पीसी बंद दिसत असतानाही ती चालू असते आणि बटणाकडे लक्ष ठेवणारं बोर्डावरचं सर्किट तिच्यावरच जागं राहतं. बटण दाबलं की बोर्ड २४ पिन प्लगमधली ‘पीएस-ऑन’ ही तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, खेचतो. तो एसएमपीएसला उठण्याचा हुकूम. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइन येतात. त्या स्थिर झाल्या की एटीएक्स या पीसीच्या पार्टांसाठीच्या मानकाप्रमाणे १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस ‘पॉवर-ओके’ या तारेवर ५ व्होल्ट देतो, आणि ते मिळाल्यावरच बोर्ड प्रोसेसरला रीसेटमधून, म्हणजे थांबवून ठेवलेल्या अवस्थेतून, सोडतो. त्यानंतरचं सगळं, म्हणजे रॅम ओळखणं, ग्राफिक्स कार्ड जागं करणं, हे वेगळं प्रकरण. ‘चालू होत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी खरं तर त्या दुसऱ्या प्रकरणातल्या असतात: पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. तुमचा तसा असेल तर शेवटचे परिच्छेद वाचा, मधले सोडून दिले तरी चालतील.

आता भिंतीकडून सुरुवात. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा यूपीएस मध्ये असेल तर तात्पुरता काढून थेट भिंतीत जोडा. एसएमपीएसच्या मागच्या स्विचवर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. हे उलटं समजून बसलेले लोक कमी नाहीत. नव्या एसएमपीएसचं पॉवर सॉकेट कडक असतं, केबल बसली असं वाटतं पण शेवटचे तीन-चार मिलिमीटर बाहेर राहतात, तेव्हा जोर लावून पूर्ण आत ढकला. जुन्या धाटणीच्या एसएमपीएसवर ११५/२३० असा छोटा लाल खटका असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ११५ वर राहिला तर स्विच टाकताक्षणी आवाज होऊन मामला संपतो, म्हणून वीज देण्याआधी तो पाहा. आजच्या बहुतेक एसएमपीएसना असा खटका नसतोच.

पुढे जाण्याआधी एक शिस्त. आत हात घालायचा असेल तर पॉवर केबल काढा, मग कॅबिनेटचं बटण दोन-तीनदा दाबा आणि बोर्डावरचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा. नुसता पीसी ‘बंद’ असणं पुरेसं नाही, कारण स्टँडबाय लाइन चालूच असते आणि तशात रॅम किंवा कार्ड ओढलं तर ते जळू शकतं. आणि एसएमपीएसचं झाकण कधीच उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

प्लग, जवळून

‘कनेक्शन दोनदा पाहिली’ यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्यासुद्धा. २४ पिनचा प्लग नव्या बोर्डावर चांगलाच दाब मागतो. तो दाब दिला की बोर्डाची कड खाली वाकते आणि ती भीती वाटून माणूस मध्येच हात आखडता घेतो. प्लग बाजूने पाहा: प्लॅस्टिकच्या खटक्याची नखी सॉकेटवरच्या उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकलेली दिसली पाहिजे, आणि प्लगची दोन्ही टोकं सॉकेटपासून सारख्याच अंतरावर हवीत. एक टोक मिलिमीटरभर वर असेल तर तेवढ्यानेच काम अडतं. गंमत म्हणजे तिरका बसलेला प्लगही स्टँडबाय लाइन पोहोचवू शकतो. बोर्डावरचा दिवा छान लागतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. कडेखाली दोन बोटं आधाराला ठेवून अंगठ्याने दाबा, खट्ट आवाज येईपर्यंत. २०+४ असा दोन तुकड्यांचा प्लग असेल तर ४ पिनांचा तुकडा नीट जुळलेला नाही असं फार वेळा आढळतं.

दुसरा प्लग प्रोसेसरचा, बोर्डाच्या वरच्या कडेला, ८ पिनांचा, दोन चौकड्यांत विभागलेला. तो राहून गेला तर काही बोर्ड पंखे फिरवतात पण पुढे जात नाहीत, काही क्षणभर हलून बंद होतात, काही दादच देत नाहीत. बोर्डावर त्याच्या शेजारी आणखी ४ किंवा ८ पिनांचं सॉकेट असेल तर साधारण वापरासाठी ते रिकामं राहिलं तरी पीसी चालू होतो. पहिलं ८ पिनांचं मात्र हवंच.

इथे एक महाग पडणारी चूक होते. ग्राफिक्स कार्डाची केबलही ८ पिनांचीच दिसते, फक्त ती ६+२ अशी फुटते. प्रोसेसरच्या प्लगमध्ये १२ व्होल्ट खटक्याच्या बाजूच्या ओळीत असतात, ग्राफिक्सच्या प्लगमध्ये खटक्याच्या ओळीत ग्राउंड असतं. म्हणजे दोन्ही अगदी उलट. पिनांचे आकार जुळू नयेत अशी रचना केलेली आहे, पण जोर लावला की प्लॅस्टिक वाकतं आणि प्लग आत जातो. मग १२ व्होल्टची लाइन थेट ग्राउंडला भिडते. एसएमपीएस चांगला असेल तर तो लगेच बंद पडून सगळ्यांना वाचवतो. केबलीवर सीपीयू किंवा पीसीआयई असं छापलेलं असतं, ते वाचा.

मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे केबली त्याच्या बाजूनेही सुट्या होत असतील, तर त्या टोकालाही तितक्याच घट्ट बसल्यात का पाहा. आणि जुन्या एसएमपीएसची उरलेली केबल नव्याला कधीही लावू नका, प्लग चपखल बसला तरीही. बोर्डाकडच्या टोकाची मांडणी ठरलेली आहे, एसएमपीएसकडच्या टोकाची नाही. प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. अशा अदलाबदलीत ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्का जळतात.

बटण खरंच बोर्डापर्यंत पोहोचतं का?

बोर्डावरचा दिवा लागतो, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, असं असेल तर पहिला संशय या चिमुकल्या वायरींवर. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ९ पिनांचा दोन ओळींचा गट असतो. दहावी पिन मुद्दाम गाळलेली असते. सर्वाधिक वापरात असलेल्या मांडणीत, जिथे पिन गाळली आहे त्याच ओळीत तिला लागून असलेल्या दोन पिना म्हणजे पॉवर बटण; त्यांच्या समोरच्या दोन रीसेटच्या; आणि उरलेल्या पाचांपैकी चार दिव्यांच्या. तरी बोर्डाचं मॅन्युअल उघडून खात्री करा, कारण काही बोर्डांवर मोठा २० पिनांचा गट असतो आणि तिथे बटणाची जागा वेगळी असते. बटणाच्या वायरला उलट-सुलट नसतं, दिव्याच्या वायरला असतं. दिवा उलटा लागला तर तो फक्त पेटत नाही, पीसी अडत नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे या गटावरच्या सगळ्या वायरी काढून टाकायच्या आणि एका चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना अर्धा सेकंद जोडायच्या. ऐकायला धोक्याचं वाटतं, पण तिथे ५ व्होल्टपेक्षा जास्त काही नसतं आणि बटणही नेमकं हेच करतं. फक्त टोक शेजारच्या पिनांवर घसरू देऊ नका. पीसी उठला तर कॅबिनेटचं बटण किंवा त्याची वायर खराब; रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून त्याच्यावर काम चालवता येतं. उलट प्रकारही होतो: बटण आतच अडकून दाबलेलं राहतं. मग पीसी सुरू होऊन साधारण चार सेकंदांनी स्वतःच बंद पडतो, कारण बोर्डाच्या लेखी तुम्ही ते धरून ठेवलेलं असतं. रीसेटचं बटण अडकलं तर पंखे फिरत राहतात आणि पुढे काहीच होत नाही.

एसएमपीएसची परीक्षा

स्क्रूड्रायव्हरनेही काही झालं नाही तर एसएमपीएस एकटा तपासा. केबल भिंतीतून काढा, एसएमपीएसचे सगळे प्लग सगळ्या पार्टांवरून काढा, आणि थोडासा भार म्हणून एखादा कॅबिनेटचा पंखा त्याला जोडा. आता २४ पिन प्लगमध्ये पीएस-ऑन आणि ग्राउंड या दोन जागा तारेच्या तुकड्याने जोडायच्या आहेत. तारा रंगीत असतील तर हिरवी आणि तिच्या शेजारची काळी. हल्ली सगळ्या तारा काळ्याच असतात, तेव्हा अशी मोजणी करा: खटका असलेल्या बाजूच्या ओळीत एक जागा रिकामी असते. तिच्या एका अंगाला ४ तारा आणि दुसऱ्या अंगाला ७. रिकाम्या जागेपासून सातांच्या दिशेने मोजत गेलं की पहिल्या तीन ग्राउंड, चौथी पीएस-ऑन. म्हणजे तिसरी आणि चौथी जोडायची. तार घट्ट बसली की मगच वीज द्या.

पंखा फिरला तर एसएमपीएस उठतो, इतकंच सिद्ध झालं. भाराखाली तो टिकतो की नाही हे यातून कळत नाही, आणि ही चाचणी करून ‘एसएमपीएस ओके आहे’ असा दाखला देणारे इथेच फसतात. दुसरीकडे, एसएमपीएसचा स्वतःचा पंखा फिरला नाही म्हणून तो मेला असंही नाही; अनेक मॉडेलांत कमी भाराला तो पंखा मुद्दाम थांबलेला असतो. म्हणून तर वेगळा पंखा जोडायला सांगितलं.

आणखी एक गोष्ट माहीत नसल्याने लोक चकतात. शॉर्ट लागून एसएमपीएसने स्वतःला बंद केलं की बहुतेक वेळा तो त्याच अवस्थेत अडकून राहतो. चूक दुरुस्त केली तरी बटणाला दाद देत नाही आणि ‘हेही करून पाहिलं, उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्येक बदलानंतर केबल काढून एक-दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा प्रयत्न करा.

मीटर लावून साखळी वाचणं

मल्टीमीटर असेल तर खरं काम इथे होतं. २४ पिनचा प्लग बोर्डावर बसवलेलाच ठेवा आणि मीटरचं लाल टोक प्लगच्या पाठीमागून, तार आत जाते तिथे, हळूच सरकवा. काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूवर किंवा काळ्या तारेवर. मीटर २० व्होल्ट डीसीवर.

खुणेची जागा तीच, रिकामी. तिच्या बरोबर समोर, दुसऱ्या ओळीत, पॉवर-ओके. रंगीत तारांत करडी. तिला लागून चार तारांच्या दिशेला स्टँडबाय, जांभळी. आणि जांभळीनंतरच्या दोन १२ व्होल्टच्या, पिवळ्या.

पहिलं मोजमाप स्टँडबायचं, बटण न दाबता. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. शून्य आलं तर प्लग बोर्डावरून काढून पुन्हा मोजा. आता ५ व्होल्ट दिसले तर एसएमपीएस निर्दोष आहे आणि बोर्डावर किंवा त्याला लागलेल्या एखाद्या यूएसबी केबलीत ती लाइन शॉर्ट आहे. प्लग सुटा असतानाही शून्य, आणि भिंतीतली वीज पक्की, तर एसएमपीएस परत करा. पुढे काही तपासायची गरज नाही.

स्टँडबाय ठीक असेल तर पीएस-ऑनवर टोक ठेवा. बंद अवस्थेत तिथे साधारण ५ व्होल्ट असतात, काही बोर्डांवर थोडे कमी. बटणाच्या पिना जोडा. आकडा जागचा हलला नाही तर बोर्ड उठण्याचा हुकूमच देत नाही. एसएमपीएसला दोष देण्यात अर्थ नाही. आकडा शून्याजवळ पडला पण पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट आले नाहीत, तर हुकूम पोहोचला आणि एसएमपीएसने पाळला नाही: एकतर तो खराब, नाहीतर समोर शॉर्ट पाहून तो माघार घेतोय. यातलं कुठलं ते वरच्या तारेच्या चाचणीने ठरतं. आकडा पडून काही क्षणांनी परत वर गेला तर बोर्डाने स्वतः हुकूम मागे घेतला. आणि १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आले, पॉवर-ओके मात्र शून्यावरच राहिला, तर एसएमपीएस बदला. बोर्ड जन्मभर रीसेटमध्ये वाट पाहत बसेल.

साधा मीटर सेकंदाच्या अंशात होणारी घसरण पकडत नाही. तुमच्या मीटरला कमाल-किमान नोंदवायची सोय असेल तर ती लावा.

कॅबिनेटबाहेर काढा

बटण दाबल्यावर पंखे अर्धं वेटोळं घेऊन थांबतात, पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही, हे शॉर्टचं ठळक लक्षण आहे. अशा वेळी आत टॉर्च मारत बसण्यापेक्षा बोर्ड बाहेर काढणं लवकर उरकतं. तो त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला तिच्यावर नको, कारण अशा पिशवीचा पृष्ठभाग विजेसाठी पुरता बंद नसतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक कांडी, २४ पिन आणि ८ पिन. ग्राफिक्स कार्ड, डिस्का, कॅबिनेटच्या यूएसबी केबली, आरजीबीच्या रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, सगळं बाजूला. स्क्रूड्रायव्हरने सुरू करा.

इथे उठला तर दोष कॅबिनेटमध्ये. एटीएक्स बोर्ड साधारण ३०५ × २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ चा. एकाच कॅबिनेटमध्ये दोन्ही बसतात आणि पितळी स्टँडऑफ मोठ्या बोर्डाच्या हिशेबाने आधीच लावलेले असतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा उभा राहिला की तो थेट बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या डागांना टेकतो. बोर्डाची भोकं आणि स्टँडऑफ एकास एक जुळवून पाहा. सांडलेला स्क्रू बोर्डामागे गेला असेल, एम.२ डिस्क धरणारा तो इवलासा स्क्रू तर हमखास. मागच्या पोर्टांच्या पत्र्याची वाकडी जीभ यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात शिरलेली असू शकते. आणि समोरच्या यूएसबी ३ ची जाड केबल: तिच्या १९ पिनांपैकी एखादी बोर्डावर वाकून शेजारणीला टेकली असेल. सरळ करता येते, पण एकदाच.

बाहेरही उठत नसेल तर रॅम काढून पाहा. रॅमशिवाय पीसी पूर्ण सुरू होणार नाही, पण पंखे फिरले पाहिजेत आणि बोर्डावर रॅमचा इशारादिवा लागला पाहिजे. कूलर काढून तपासायची वेळ आलीच तर त्याचा आधारपत्रा बोर्डाच्या पाठीवर कुठे डागांना टेकतोय का ते बघून घ्या. मग प्रोसेसर उचला. इंटेलच्या एलजीए १७०० आणि एएमडीच्या एएम५ या प्रकारांत पिना प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये असतात. उजेड तिरका पाडून पाहिलं तर सगळ्या एका लयीत चमकतात आणि वाकलेली लगेच वेगळी दिसते. एएमडीच्या आधीच्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि कूलर सरळ वर ओढला तर कूलरखालच्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून आधी कूलर किंचित फिरवून सैल करा.

शॉर्ट मोजायचाच असेल तर वीज पूर्ण तोडून, ८ पिनचा प्लग काढून, बोर्डावरच्या त्या सॉकेटमधली १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. आकडा हळूहळू चढत जातो, कारण कपॅसिटर भरत असतात. शेवटी तो शेकड्यांत किंवा हजारांत ओहम असावा. मीटरचा बझर सतत वाजत राहिला, रोध शून्याला चिकटला, तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागातला मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. प्रोसेसर काढूनही तसंच राहिलं तर बोर्ड परत. मात्र प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या चौकोनी चोकवर (आत तारेची गुंडाळी असलेल्या ठोकळ्यावर) टोक लावून घाबरू नका. प्रोसेसर बसवलेला असताना तिथे अगदी एखादा ओहम किंवा त्याहून कमी दिसणं स्वाभाविक आहे.

सगळं बाहेर सुरळीत चाललं तर एकेक पार्ट परत जोडायचा आणि दर वेळी सुरू करून पाहायचं. ग्राफिक्स कार्ड लावताच बंद पडला तर कार्डाच्या केबलीपासून बघा. १६ पिनांचा नवा प्लग असेल तर तो पूर्ण आत गेला पाहिजे, फट दिसता कामा नये. त्यातल्या बारीक चार पिना कार्डाला किती वीज घ्यायची ते सांगतात आणि त्या जुळल्या नाहीत तर कार्ड उठायचं नाकारू शकतं.

पंखे फिरतात, पडदा काळा

हा विजेचा नव्हे, पुढचा प्रश्न, म्हणून थोडक्यात. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार दिवे असतील तर जो पेटून राहतो तिथे गाडी अडली आहे. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसते, कांडी एकच असेल तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या खाचेत, आणि दोन्ही टोकं दाबावी लागतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. रायझन ५००० मालिकेतही जी असलेले सोडले तर नाही.

डीडीआर५ रॅमचा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना, विशेषतः एएम५ वर, रॅम जुळवून घेण्यात काही मिनिटं घालवतो. तेवढा वेळ पडदा काळा, डीरॅमचा दिवा पेटलेला, मध्येच एकदा-दोनदा आपोआप बंद-चालू. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. मध्येच बंद केलं की पहिल्यापासून सुरू. बोर्डावरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी काढून किंवा मॅन्युअलमधल्या दोन पिना वीज तोडून १० सेकंद जोडून जुन्या सेटिंग पुसल्या तर त्यानंतरचं पहिलं सुरू होणंही असंच सावकाश होतं.

सीपीयूचा दिवा पेटून राहिला, पिना सरळ आहेत, प्लग बसलेला आहे, तर बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये असलेल्या मूळ सॉफ्टवेअरचा, विचार करा. बोर्ड प्रोसेसरपेक्षा आधीच्या पिढीत बाजारात आलेला असेल, उदाहरणार्थ बी४५० चिपसेटच्या बोर्डावर रायझन ५००० किंवा ६०० मालिकेच्या इंटेल चिपसेटवर १३वी-१४वी पिढी, तर बोर्डावरचं जुनं बायोस त्या प्रोसेसरला ओळखतच नाही. मागच्या पोर्टांपाशी बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं) बटण असेल तर सुटका सोपी: एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने ठेवायची, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावायची, २४ आणि ८ पिन जोडून बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम काही लागत नाही. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज जाऊ देऊ नका. फाइलचं नाव चुकलं तर दिवा काही सेकंदांतच थांबतो किंवा सलग पेटून राहतो, आणि मग लोक बोर्डाला नावं ठेवतात.

बोर्ड परत पाठवायचा ठरला तर प्रोसेसरच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण लावूनच पाठवा, आणि त्याआधी पिनांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. वाटेत पिना वाकल्या तर वॉरंटीचा दावा तिथेच अडतो.